पहिल्या घरी सांगायचं

१

"मावशी, मर्डर नाहीसा झालाय," अप्पा दारातच म्हणाले.

मी अजून छत्रीसुद्धा कोपऱ्यात ठेवली नव्हती. दुसऱ्या कुठल्या कार्यालयात सकाळी सकाळी असं वाक्य कानावर पडलं असतं तर माणूस आल्या पावली परत गेला असता. आमच्याकडे शब्दकोशाचं काम चालतं, म्हणून मी फक्त विचारलं, "खणात नीट बघितलंत का?"

इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला एक मोठा कोश आम्ही करतो आहोत. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्यांचं एकेक पुडकं असतं. त्यात शब्दाचा अर्थ, तो कुठून आला त्याची हकीकत, आणि तो वापरून केलेलं एक वाक्य. पुडकं सुतळीने बांधून आपापल्या अक्षराच्या खणात ठेवायचं. अप्पा मुख्य संपादक. मी प्रूफं तपासते, म्हणजे एका हाताला छापायचं पान घेते, दुसऱ्या हाताला चिठ्ठ्या, आणि ओळीला ओळ लावून बघते. मला सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून मोठे आहेत ते अप्पासुद्धा. मी खवचट आहे असंही म्हणतात, आणि तेही तोंडावरच म्हणतात.

'एम' अक्षराचा खंड त्याच संध्याकाळी छापायला जायचा होता. अप्पांना त्या एका नोंदीत एक ओळ घालायची होती म्हणून त्यांनी खण उघडला. आधीचा 'म्यूरल' जागेवर, नंतरचा 'मर्मर' जागेवर, आणि मधे दोन बोटं जातील एवढी फट.

"खुनाचाच खून!" जुळारी आपल्या संगणकामागून म्हणाला आणि स्वतःच हसला. शिशाची अक्षरं जुळवायचे दिवस कधीच गेले, आता तो पडद्यावर पानं लावतो, पण आम्ही त्याला जुळारीच म्हणतो. समोरच्या टेबलावर डॉक्टर बसले होते. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, भाषाशास्त्रातले; अप्पांच्या खालोखाल त्यांचा मान. ते हसले नाहीत.

अप्पांनी मला खुणेनेच बाहेरच्या गॅलरीत बोलावलं.

"दोनच शक्यता आहेत," ते कठड्याला धरून म्हणाले. "एक तर इथे चोर आहे. नाहीतर मी ते पुडकं कुठेतरी ठेवलं आणि विसरलो. मागे मी चष्मा शोधत होतो तेव्हा तो कपाळावर होता. परवा घरी जाताना भलत्याच बसमध्ये चढलो. एवढं हसण्यावारी नेता येतं. पण कोशवाल्याने पुडकं हरवायचं म्हणजे संपलंच."

ज्यांच्या पैशावर कोश चालतो त्या मालकीणबाई दुपारच्या चहाला येणार होत्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांनी स्पष्टच बजावलं होतं: या खंडात काही घोटाळा झाला तर अप्पांना मानाने घरी पाठवायचं. 'मानाने' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला होता, तेव्हाच मला धास्ती वाटली होती.

"चोर, नाहीतर मी. यातलं खरं काय ते मला सांगा," अप्पा म्हणाले. "दुसरं असलं तरी सांगा. माझी दया येऊन उगाच चोर पैदा करू नका."

मी हो म्हटलं. आणि चोर सापडू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागितलं.

२

आधी सगळे खण पालथे घातले. खरं तर त्याची गरज नव्हती. आमच्या माणसांना एक वेळ स्वतःचं मूल चुकीच्या शाळेत सोडता येईल, पण चुकीच्या अक्षराच्या खणात चिठ्ठी टाकायला हात धजावणार नाही. चोर घरातलाच असेल तर पुडकं खणात नसणार, आणि तसंच झालं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," जुळारी पुटपुटला. तो किती बरोबर बोलला हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी अप्पांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. "कुठली ओळ घालायची होती तुम्हाला?"

त्यांचा चेहरा उजळला. शब्दाची गोष्ट सांगायची म्हटली की अप्पा वीस वर्षांनी तरुण होतात.

"हा शब्द आपल्या नात्यातलाच, ठाऊक आहे? आपला 'मृत्यू', आपलं 'मरण' आणि इंग्रजांचा 'मर्डर' ही एकाच पणजीची पतवंडं. मुळात अर्थ नुसता मरणं."

"मग त्यात खून कुठून शिरला?"

"आधी शिरली ती लपवाछपवी. उत्तरेकडच्या थंड मुलखात जुना कायदा होता. कोणाच्या हातून माणूस मेला, तर त्याने वाटेतल्या पहिल्या घरी जाऊन सांगायचं, माझ्या हातून असं असं झालंय. सांगितलं की भरपाई द्यावी लागे, पण तो माणसांत गणला जाई. त्याच्या करणीला हा शब्द लावत नसत. जो प्रेत पाचोळ्याखाली झाकून गुपचूप घरी जेवायला जाई, त्याच्या करणीला लावत. मारणं वेगळं आणि लपवणं वेगळं, मावशी. खरी नामुष्की लपवण्याची होती."

"म्हणजे सांगून टाकलं की सुटला?"

"सुटला नाही. पण तोंड दाखवायला जागा राहिली. पुढे इंग्लंडात बाहेरून राजा आला, त्याने आणखी कडक केलं. त्याचा माणूस मेला आणि मारणारा कोण ते गावाने पुढे केलं नाही, तर दंड साऱ्या मुलखाला. त्या दंडालाही हाच शब्द." ते थांबले. "ती पहिल्या घराची ओळ मला घालायची होती. मूळ नोंदीत राहूनच गेली."

मी माझ्या टेबलाशी आले आणि ते पान पुढ्यात घेतलं. नोंद पानावर होती, कारण मजकूर जुळाऱ्याकडे आधीच गेला होता. नव्हत्या त्या चिठ्ठ्या. मी वाचू लागले आणि मधेच थांबले. पहिल्या घराची ओळ नोंदीत होती. स्वच्छ, नेमकी, जिथे हवी तिथेच.

म्हणजे ती लिहून झाली होती, आणि अप्पा ते विसरले होते.

देवाकडे चोर मागितला होता, आणि हे हाती आलं. पान मिटणार एवढ्यात शेवटचं उदाहरणाचं वाक्य दिसलं: 'दरोडेखोरांनी वाटेत व्यापाऱ्याचा खून केला.'

मी ते पुन्हा वाचलं. हे वाक्य अप्पांचं नव्हतं. ते अप्पांचं असूच शकत नव्हतं.

३

अप्पांचा एक नेम आहे. शब्द कितीही भयंकर असो, त्यांच्या वाक्यात कोणाला इजा होत नाही. 'पॉयझन'ला त्यांनी लिहिलं, 'बाटलीवर विष असं लिहिलं होतं, म्हणून मांजरसुद्धा तिकडे फिरकलं नाही.' 'ड्राउन'ला लिहिलं, 'तिच्या हसण्यात त्याचं गाणं बुडून गेलं.' मी एकदा कारण विचारलं होतं. ते म्हणाले, कोश मुलंही उघडतात, आणि शब्द समजावायला कोणाचा जीव कशाला घ्यायचा? असा माणूस एका व्यापाऱ्याला भर रस्त्यात मारून टाकील?

मी जुळाऱ्याकडे गेले. त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. अप्पा शेवटच्या दिवशी ओळी घालतात, की सगळं पान खाली सरकतं आणि याला नव्याने लावावं लागतं. त्यावरून तो रोज कुरकुरतो.

"मी कशाला पळवू?" तो तडकला. "पुडकं नाही म्हणजे तुम्ही पानावर सही करणार नाही. पान अडलं की पहिली बोंब माझ्या नावाने. एक ओळ चुकवायला अख्खं पान अडकवू? मी चिडका आहे मावशी, खुळा नाही."

हे पटण्यासारखं होतं.

"या नोंदीचा मजकूर तुला कसा आला?"

"टंकलेला. कालच्या कागदांत होता."

"टंकलेला? अप्पा तर यंत्राला हात लावत नाहीत."

"त्यांचे हल्ली पुष्कळ कागद टंकलेलेच येतात की. वर्ष होत आलं. चिठ्ठ्यासुद्धा टंकलेल्या. अप्पांचा हात कापतो म्हणून ताई घरी टंकून देते, सगळ्यांना माहीत आहे."

मलाही तेच माहीत होतं. कोणी सांगितलं होतं ते मात्र आठवेना. दुसरी एक गोष्ट आठवली. गेलं वर्षभर अप्पांच्या नोंदींत मला चूकच सापडत नव्हती. पूर्वी एखादा स्वल्पविराम, एखादी घाईतली काना-मात्रा हटकून मिळायची. मला वाटलं, माझेच डोळे गेले. मी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून आले. आता वाटलं, आपण उगाच नवीन काचा घेतल्या.

अप्पांची मुलगी, आमची ताई, खालच्या मजल्यावर आमचंच ग्रंथालय सांभाळते. मी जिना उतरले.

४

ताई शिडीवर चढून पुस्तकं पुसत होती. मला बघून खाली आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सापडलं?"

"नाही. तू घेतलंस का?"

असं कोणी धाडकन विचारत नाही, पण या पोरीला मी परकरात पाहिलं आहे. ती रागावली नाही. स्टुलावर बसली आणि फडक्याची घडी घालू लागली.

"घ्यायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मला तर बाबा घरी हवे आहेत, मावशी. ते चहा ठेवतात आणि गॅस तसाच सोडून फिरायला जातात. मी मागून जाऊन बंद करते. संध्याकाळी ते बसने निघाले की मी मागच्या दाराने चढते, त्यांना दिसू न देता. परवा ते भलत्या बसमध्ये चढले, मीही चढले. पुढच्या थांब्यावर, 'अगंबाई, तुम्ही इथे कुठे!' म्हणून अचानक भेटल्यासारखं केलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यांना सांगितलंस का?"

"काय सांगू? तुम्ही विसरायला लागलात, असं? शब्दांवर जगलेला माणूस आहे तो."

"म्हणून तू त्यांच्या नोंदी टंकतेस, नीटनेटक्या करून?"

ताईने मान वर केली. "मी? मी एक अक्षर टंकलेलं नाही. वर्षभर ते मला चिठ्ठ्या दाखवतच नाहीत. मला वाटायचं, इथे वर कोणीतरी टंकतं."

 मग मी तिला ते दरोडेखोरांचं वाक्य म्हणून दाखवलं.

"शी!" ती म्हणाली. "हे कोणी लिहिलं? लहानपणी आमचा खेळच होता. मी भयंकर शब्द सांगायचा, आणि बाबांनी असं वाक्य करायचं की त्यात कोणाला खरचटणारही नाही. ते कधी हरले नाहीत."

ती खोटं बोलत नव्हती. हा खेळ खेळत वाढलेल्या मुलीने त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगाला हात लावला नसता. जुळारी नाही, ताई नाही. वर आता एकच माणूस उरला होता, आणि त्याचा विचार करत जिना चढताना मला एक गोष्ट खटकली, जी सकाळपासून डोळ्यांसमोर होती.

डॉक्टरांची कापडी पिशवी रोज दारामागच्या खुंटीला असते. आज ती त्यांच्या मांडीवर होती.

५

डॉक्टर कधीकाळी अप्पांचे विद्यार्थी होते. आता अप्पांच्या खुर्चीचे वारस. कानामागून आली आणि तिखट झाली, असं जुळारी त्यांच्याबद्दल म्हणतो. खुर्चीसाठी अप्पांना वेंधळं ठरवायचं, यासाठी पुडकं पळवलं, हे कोणालाही पटलं असतं. मलाही पटत आलं होतं.

पण आमच्या कार्यालयाची एक रीत आहे. प्रत्येक नोंदीला आम्ही एक शत्रू नेमतो. शत्रूने नोंद मोठ्याने वाचायची आणि खोडी काढायच्या. लिहिणाऱ्याने त्या परतवायच्या. खोडी संपल्या की नोंद पुढे जाते. अप्पांचे कायमचे शत्रू डॉक्टर. दोघांची भांडणं खाली ग्रंथालयात ऐकू जायची आणि ताई वर येऊन दोघांना दटावायची. 'मिल्क' या शब्दावरून ते आठवडाभर बोलत नव्हते. दुधावरून!

"या नोंदीचे शत्रू तुम्हीच ना?" मी त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं. अप्पा गॅलरीत होते, जुळारी कानाला यंत्र लावून गाणी ऐकत होता.

"हो. वाचली. उत्तम आहे. एकही खोड नाही."

"एकही नाही?"

"नाही."

"डॉक्टर, गेल्या वर्षभरात तुम्ही अप्पांच्या किती नोंदींत खोडी काढल्यात? मला तर या खोलीत भांडण ऐकल्याचं आठवत नाही. आम्ही समजलो, तुमचं वय झालं, तुम्ही निवळलात. तुम्हाला 'मिल्क' पटलं नाही आणि 'मर्डर' जसाच्या तसा पटला?"

 डॉक्टरांचा पिशवीवरचा हात घट्ट झाला.

"शत्रूने खोडी काढणं थांबवलं, याचं एकच कारण असू शकतं," मी म्हटलं. "खोडी इतक्या होत्या की मोठ्याने वाचायची हिंमत झाली नाही. म्हणून तुम्ही त्या एकट्याने दुरुस्त केल्यात, चिठ्ठ्या टंकल्यात, आणि ताई टंकते अशी पुडीही तुम्हीच सोडलीत. काल मजकूर जुळाऱ्याला दिलात आणि चिठ्ठ्या टंकायला हे पुडकं रात्री घरी नेलंत. आज नवीन पुडकं गुपचूप जागेवर ठेवणार होतात, पण अप्पांनी आधीच खण उघडला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो माणूस अगदी शाळकरी दिसतो.

"पिशवीत दोन्ही आहेत," ते म्हणाले. "त्यांचं आणि माझं. माझं दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, माझ्या अक्षरातलं कुठे आहे? आणि त्यांचं दाखवायचं..." त्यांनी पिशवीचं तोंड मिटलं. "पहिल्या घराची ओळ त्यात आहे, मावशी. चिठ्ठीमागून चिठ्ठी तीच ओळ आहे. प्रत्येक वेळी आताच सुचल्यासारखी लिहिली आहे. अर्थ भलत्याच शब्दाचा. आणि वाक्याच्या जागी लिहिलंय, 'आज मला यायला उशीर होईल, तू जेवून घे.'"

अप्पांची बायको, आमच्या काकू, यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. 

"मी त्यांच्यासारखं लिहायचा प्रयत्न करतो," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं जमतं. वाक्यं जमत नाहीत. ज्यात कोणी मरत नाही असं खुनाचं वाक्य, किती डोकं खाजवलं, मला सुचेचना. शेवटी हताश होऊन त्या व्यापाऱ्याला मारलं."

"आणि अप्पा सकाळपासून स्वतःलाच दोष देताहेत, तरी गप्प बसलात?"

"तेच सहन होत नाही. म्हणून तुम्ही आता असं करा. मला चोर म्हणा. खुर्चीसाठी केलं म्हणा. लोक लगेच मानतील. मी राजीनामा देतो, पुडकं जाळून टाकू, अप्पा राहतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

किती सोपं होतं! चोर सापडला होता, स्वतःहून कबूलही होता. अप्पांना गॅलरीत जाऊन एवढंच सांगायचं होतं की चोर आहे, तुम्ही ठणठणीत आहात. त्यातलं पहिलं अर्धं तर खरंही होतं. मला खूप मोह झाला. मग गॅलरीतले अप्पा दिसले. कठड्याला धरून, माझी वाट बघत. 'माझी दया येऊन चोर पैदा करू नका.' त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मालकीणबाई वेळेआधीच आल्या होत्या.

६

"उठा," मी डॉक्टरांना म्हटलं. "पिशवी घ्या."

"कुठे?"

"वाटेतल्या पहिल्या घरी."

ते अप्पांसमोर उभे राहिले आणि पुडकं पुढे धरलं. आवाज इतका बारीक होता की मलाच पुढे सरकावं लागलं. "माझ्या हातून असं असं झालंय, अप्पा." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता.

अप्पांनी सुतळी सोडली. एकेक चिठ्ठी वाचली आणि कठड्यावर उपडी ठेवली. शेवटच्या चिठ्ठीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे दोन्ही," ते म्हणाले. "चोरही आहे, आणि मीही."

त्यांनी चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा एकावर एक रचल्या.

"वर्षभर?" त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, आणि मला वाटलं आता रडतील, पण ते भडकले. "वर्षभर तू माझ्याशी भांडला नाहीस! मला वाटलं, माझं तुला पटायला लागलं. मी घरी जाऊन तिच्या फोटोला सांगायचो, पोरगा शेवटी वळणावर आला गं! आणि तू मला गुपचूप पाचोळ्याखाली झाकत होतास?"

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्हाला घरी पाठवलं तर मी कोणाशी भांडू?" डॉक्टर म्हणाले, आणि एवढा पन्नाशीचा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

अप्पांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, जोरात, एखाद्या पोराला ठसका लागल्यावर थोपटतात तसं. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"पुरे. तू शत्रू आहेस ना? वाच. खोडी काढ."

"अप्पा, आत्ता..."

"आत्ताच. मोठ्याने."

डॉक्टर वाचू लागले. ही ओळ पुन्हा आली आहे. ही सुद्धा. हा अर्थ या शब्दाचा नाही. प्रत्येक खोडीला अप्पा मान हलवत आणि म्हणत, "बरोबर. काट." एकदा मात्र म्हणाले, "हे बरोबर नाही, हे माझंच ठीक आहे," आणि दोघं त्यावर अडून बसले, आणि खरोखरच अप्पांचं ठीक होतं. तोवर ताई वर येऊन दाराशी उभी होती. मालकीणबाई तिच्या मागे.

"आता वाक्य," डॉक्टर म्हणाले. "तुमचं इथलं नाही. माझं तर अगदीच टाकाऊ आहे."

अप्पांनी डोळे मिटलेसुद्धा नाहीत. "'आमच्या कार्यालयात एकही खून झालेला नाही.'"

डॉक्टरांनी ते लगेच चिठ्ठीवर उतरवून घेतलं.  कोणी मेलं नव्हतं, कोणाला खरचटलंही नव्हतं, आणि शब्द लख्ख कळत होता.

"काय चाललंय इथे?" मालकीणबाई म्हणाल्या.

अप्पा वळले, लेकीच्या अंगावरून पुढे झाले आणि मालकीणबाईंना नमस्कार केला. "बरं झालं आलात. मी विसरायला लागलो आहे. चष्मा नव्हे, सगळंच. आज कळलं, आज सांगतोय. ताई, तुलाही सांगतोय. बसमध्ये मागून चढू नकोस, शेजारी बस. मला वाटायचं, ही दर वेळी अचानक कशी भेटते!"

ताईने तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.  मालकीणबाईंनी 'मानाने' म्हणायला तोंड उघडलं असावं, कारण ते लगेच मिटलंही.

"खुर्ची डॉक्टरला द्या," अप्पा म्हणाले. "अर्थ तो लिहील. वाक्यं मी करीन, जमतील तोवर. आणि त्याचा शत्रू मी होईन. मी काल काय बोललो ते मला आठवणार नाही, म्हणजे रोज नव्याने भांडता येईल."

"हे चालेल का तुम्हाला?" मालकीणबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"मला दुसरं काही चालणारच नाही," डॉक्टर म्हणाले.

७

पान संध्याकाळी गेलं. पण त्याआधी अप्पांना वाक्यात एक तुकडा घालावासा वाटला, आणि जुळाऱ्याने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, वाक्य लांब होतंय. अप्पा म्हणाले, होऊ दे. डॉक्टर म्हणाले, कोशात असलं चालत नाही. अप्पा म्हणाले, कोणी सांगितलं, दाखव. आवाज चढत गेले. ताई खाली गेली होती ती धावत वर आली आणि दाराशी थांबली. या वेळी तिने कोणाला दटावलं नाही. शिडीवरचं फडकं हातात तसंच घेऊन ती ऐकत उभी राहिली.

भांडण अप्पा जिंकले. मी चिठ्ठी एका हाताला घेतली, पान दुसऱ्या हाताला, आणि ओळीला ओळ लावून शेवटपर्यंत आले. तिथे लिहिलं होतं: 'आमच्या कार्यालयात एकही खून झालेला नाही, जे झालं ते आम्ही पहिल्या घरी सांगितलं.'

मी पुन्हा एकदा वाचलं, नव्या काचांमधून, आणि खाली सही केली. एकही खोड नव्हती.